पायपेटी, तबला आणि फाल्गुनराव

सुरतेहून मराठी माणसाने काय काय आणले, याची शाळेतली यादी १६६४ ला सुरू होते आणि १६७० ला संपते. सोने, रुपे, मोती, जवाहीर एवढीच नोंद तीत असते. त्यानंतरच्या लुटीचा उल्लेख एकाही बखरीत नाही. तिला घोडदळ लागले नाही आणि ज्यांचा माल गेला त्यांना तो गेल्याचा पत्ताही लागला नाही. ही लूट चालींची, वाद्यांची आणि लोकांना हसवण्याच्या युक्त्यांची होती. मराठी विनोदी संगीत नाटकापुढे बसणारा वाद्यमेळ अशाच ठिकठिकाणांहून उचललेल्या मालातून उभा राहिला. पॅरिसची पेटी, उत्तरेची सारंगी, पारशांचे पडदे आणि गुजरातेत जन्मलेले गवई असा तो ऐवज आहे. या लुटीचे वैशिष्ट्य असे, की समोर माल भरपूर असताना नाटकवाल्यांनी त्यातला बैलगाडीत मावेल तेवढाच उचलला. विनोद वाचला तो या आटोपशीरपणामुळे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम सुरतेचा वाटा. मुंबईत १८५३ मध्ये पारशी नाटक मंडळी उभी राहिली आणि तिच्यामागून कंपन्यांची रांग लागली. या नाटकवाल्यांच्या घराण्यांपैकी बरीच मूळची सुरत, नवसारी, भरुच याच पट्ट्यातली. सुरती माणसाविषयी गुजरातेत दोन गोष्टी सर्वमान्य आहेत : तो खातो उत्तम आणि बोलतो मोकळे. त्याच्या मोकळ्या बोलण्यातले निम्मे शब्द छापता येत नाहीत, आणि उरलेले निम्मे या शब्दांवाचून समजत नाहीत. पारशी रंगभूमीने हा मोकळेपणा छापण्याजोगा करून तिकीट लावून विकला. गंभीर नाटक ऐन रंगात आले की रंगवलेला पडदा खाली येई आणि त्याच्यापुढे 'कॉमिक' सुरू होई. यामागे रसशास्त्र नव्हते. पडद्याआड राजवाडा काढून जंगल उभे करायचे असे, आणि ती उचलठेव होईपर्यंत लोकांनी उठून जाऊ नये म्हणून पुढे पेटी, नगारा आणि दोन गमत्ये सोडले जात. विनोद आणि वाद्ये यांचे लग्न असे सुतारांच्या सोयीने लागले. पुढे ते टिकले, यात सुतारांचा दोष नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात एका पारशी कंपनीचे 'इंद्रसभा' पाहिले, आणि आपल्या भाषेत असे का होऊ नये, या विचाराने 'संगीत शाकुंतल' रचले, ही हकिगत नाट्येतिहासात प्रसिद्ध आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याचा प्रयोग झाला. दोन वर्षांनी 'सौभद्र' आले. तोवर अण्णासाहेबांनी भाऊराव कोल्हटकरांना बडोद्याहून आणले होते. गुजरातेतून माणसे उचलण्याची ही प्रथा इतकी बळावली की त्याच कंपनीत पुढे सुरतेजवळच्या कठोर गावचा एक मुलगाही दाखल झाला. हा भास्कर रघुनाथ बखले. जन्म १७ ऑक्टोबर १८६९. त्याची हकिगत योग्य ठिकाणी येईल.

वाद्ये नसली तर काय होते, हे तपासण्याची एक संधी खुद्द सुरतेत मिळाली. डिसेंबर १९०७ मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ते आधी नागपूरला व्हायचे होते, पण तिथे जहालांचा जोर म्हणून शांत सुरत निवडण्यात आली. रासबिहारी घोष अध्यक्षस्थानी, लोकमान्य टिळक बोलायला उभे, समोर गच्च भरलेला मंडप. तेवढ्यात हवेतून एक मराठी जोडा आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. त्यानंतर खुर्च्या उडाल्या. पात्रे नामवंत, प्रवेश वेळेवर, प्रेक्षकांचा सहभाग पूर्ण. तरीही या प्रयोगाला कोणी विनोदी म्हटले नाही. जोडा लागला त्या क्षणी झांज वाजली असती तर इतिहासाने त्याची नोंद वेगळ्या सदराखाली केली असती. आदळण्याचा आवाज माणसाचा असेल तर ती मारामारी ठरते, वाद्याचा असेल तर प्रहसन.

टिळकांच्या 'केसरी'तले कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे गद्य नाटक त्याच १९०७ सालचे. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली, आणि १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले : भरपूर गाणी, भित्रा श्रीमंत लक्ष्मीधर, आणि गोविंदराव टेंबे यांचे संगीत. गद्यात बोललेले सरकारला कळते, पेटीवर म्हटलेले कळत नाही, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो आवरून वाद्यांकडे वळणे इष्ट.

मराठी नाटकातले सर्वांत जुने विनोदी वाद्य म्हणजे झांज. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांज, मृदंग घेऊन रंगमंचावरच उभे असत. गायचे ते सूत्रधाराने, पात्रांनी फक्त बोलायचे. त्यामुळे आपल्या विरहाचे पद दुसराच कोणी गात असताना नायिकेला काय करावे हा प्रश्न पडे, आणि तो ती स्तब्ध उभी राहून सोडवी. विदूषक मृदंगाच्या बोलावर नाचत येई. राक्षस 'अलललडुर्र' अशी आरोळी ठोकत येत, आणि राक्षसाची भीती प्रेक्षकांना वाटावी की राक्षसाच्या घशाची, हे झांजवाला ठरवी. झांजेचे काम आवाज वाढवणे एवढेच नव्हते. हा आवाज मनावर घेऊ नका, असे सांगणेही होते.

गुजरातेत हेच काम भवाईतली भुंगळ करते. भवाई ही असाईत ठाकर यांच्या नावाने ओळखली जाणारी, चौदाव्या शतकापासूनची परंपरा. भुंगळ म्हणजे माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी तांब्याची सरळ नळी. तीतून फार थोडे सूर निघतात, पण जे निघतात ते पुढच्या गावापर्यंत जातात. रंगलो या गमत्याने टोमणा मारायचा, भुंगळीने त्यावर शिक्कामोर्तब करायचे, अशी वाटणी असते. वाद्याला सूर किती काढता येतात यावर त्याचा विनोदातला हुद्दा अवलंबून नसतो, हे भुंगळीने शेकडो वर्षांपूर्वी सिद्ध केले.

महाराष्ट्रात त्याचा आणखी भक्कम पुरावा म्हणजे तुणतुणे. एक तार, एक सूर. बिघडायला दुसरा सूरच नाही. तमाशात ढोलकीवाल्याकडे कसब, नाचीकडे देखणेपण, सोंगाड्याकडे जीभ. तुणतुणेवाल्याकडे यातले काही असावे लागत नाही. म्हणूनच सोंगाड्याला तो मोलाचा वाटतो. बतावणीत सोंगाड्या एखादी थाप मारतो, मागे वळून तुणतुणेवाल्याला विचारतो, की काय रं, खरं का नाही? तुणतुणेवाला टुणटुण न थांबवता मान हलवतो. त्या मान हलवण्यावर फड हसतो. वादकाने वाद्य खाली न ठेवता पात्र व्हायचे, ही सोय जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांना नाही. तिथे व्हायोलिनवाल्याने साधे हसायचे म्हटले तरी संघटनेशी बोलणी करावी लागतील.

आता पेटी. हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा, १८४० च्या सुमारास, आणि जनक अलेक्झांडर देबँ. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास तिचे पाय काढून तिला जमिनीवर बसवले. नाटकवाल्यांना मात्र पायांची पेटीच मानवली. पायपेटी आणि तिच्यामागून आलेले ऑर्गन ही दोन्ही पायाने भाता मारून वाजतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. बाहेरून सारखी दिसली तरी दोन्हींचा स्वभाव उलटा आहे. हार्मोनियम हवा बाहेर ढकलते, तर अमेरिकन घडणीचे ऑर्गन ती आत ओढून घेते. म्हणून त्याचा सूर घट्ट आणि गोल लागतो. गुडघ्याजवळ एक पट्टी असते. गुडघा बाहेर दाबला की आवाज चढतो, सैल सोडला की उतरतो. म्हणजे ऑर्गनवाला पायाने भाता मारतो, गुडघ्याने आवाज राखतो, उजव्या हाताने गायकाचा पाठलाग करतो, डाव्याने आधारस्वर धरतो, आणि डोळे रंगमंचावर ठेवतो. नाक तेवढे मोकळे असते, आणि बालगंधर्वांच्या प्रयोगात तेही अत्तराच्या वासात गुंतलेले.

ऑर्गनची जागा रंगमंचाखाली, पडद्यासमोर. वादकाची पाठ प्रेक्षकांकडे, तोंड नटाकडे. या बैठकीमुळे त्याला नाटक असे दिसते, जसे दुसऱ्या कोणालाच दिसत नाही : पावले, नऊवारीचे काठ, पायघोळ अंगरख्याखालून डोकावणारे मोजे, आणि विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरचा अर्धा चेहरा. नट पद विसरला हे प्रेक्षकांना कळण्याआधी ऑर्गनवाल्याला कळते, कारण विसरलेला नट आधी पायाचा अंगठा हलवू लागतो. तो हलताच ऑर्गनवाला षड्ज लांबवतो. लांबवलेल्या त्या षड्जात शब्द आठवला तर लोक 'काय भाव भरला' म्हणतात. नाही आठवला तर ऑर्गनवाला सगळे पद नुसतेच वाजवून दाखवतो आणि त्याला वन्समोअर मिळतो. गायकाने आपली पट्टी रंगात सांगायची हीसुद्धा पेटीचीच देणगी : काळी एक, पांढरी चार. ज्या देशात आवाजाला उपमा कोकिळेची देत, त्या देशात आवाज मोजला जाऊ लागला तो लाकडी पट्ट्यांच्या रंगावरून. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप होते. ते खरे होते. विनोदी नाटकाला मात्र मींड नको असते. त्याला हवा असतो वेळेवर आलेला सूर.

तबला हे संगीत नाटकातले दुसरे वाद्य. नाट्यपदांचा मोठा संसार धुमाळी, दादरा, केरवा आणि त्रिताल यांवर चालतो. पद संपताना तबलजी लग्गी लावतो, समेवर तिहाई टाकतो आणि टाळी घेतो. ती नटाला मिळाली असे नटाला वाटते. बालगंधर्वांच्या कंपनीत या जागेवर अहमदजान थिरकवाँ बसत. थिरकवाँसारखा तबलजी ठेक्याला बसवणे हा अपव्यय वाटेल, पण साधा ठेका साधेपणाने वाजवायला मोठाच माणूस लागतो. लहान माणूस मध्ये काहीतरी करून दाखवतो, आणि नेमके तेव्हा वरचे पात्र काहीतरी बोलत असते.

तबल्याचा विनोदाशी संबंध हातोडीमुळे येतो. तबला दमट हवेत उतरतो, दिव्यांच्या उष्णतेने चढतो. समुद्रालगतच्या गावात, तापीकाठच्या सुरतेसारख्या हवेत, तो दोन्ही एका प्रवेशात करतो. मग तबलजी हातोडी काढून गठ्ठे ठोकू लागतो. नाटककाराने मरणाचे, ताटातुटीचे, कन्येच्या पाठवणीचे भाषण लिहिताना ही ठकठक गृहीत धरलेली नसते. वर आई म्हणते, 'बाळ, आता मी तुला पुन्हा कधी...' खाली ठक. 'पाहीन...' ठक ठक. प्रेक्षागृहात कोणीतरी खोकल्यासारखे करून हसू दाबतो, त्याच्या शेजारच्याला ते दाबता येत नाही, आणि शोकनाट्याचा एक अंक विनोदी रंगभूमीच्या खात्यावर जमा होतो. म्हणून जाणता तबलजी आपली दुरुस्ती विनोदी प्रवेशासाठी राखून ठेवतो. तिथे प्रत्येक ठक खपून जाते.

तिसरे वाद्य तंतूचे : आधी सारंगी, नंतर बहुतेक ठिकाणी व्हायोलिन. बालगंधर्वांची साथ कादरबक्ष सारंगीवर करीत. सारंगी गळ्याच्या इतकी मागोमाग जाते की गाणारा कुठे थांबला आणि तार कुठे सुरू झाली ते सांगणे अवघड. करुणरसात हा गुण. विनोदी नाटकात सारंगीवाल्याने गज केव्हा उचलावा हेच मुख्य शिक्षण. सारंगीचा एक लांब सूर पडला की समोरचा प्रेक्षक, प्रसंग कोणताही असो, खिशातला रुमाल चाचपतो. व्हायोलिन याबाबत अधिक जुळवून घेणारे. तारा बोटाने छेडल्या की त्याची रडण्याची सवय तात्पुरती सुटते, आणि चोरपावलाने येणाऱ्या पात्राला चार टिचक्या पुरतात.

ही तीन वाद्ये विनोदी नाटकात काम कसे करतात, याचा उत्तम नमुना गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ'. मोलिएरचे १६६० मधले प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचे १७६१ मधले इंग्रजी नाटक, त्यावरून १८९३ च्या सुमारास देवलांचा गद्य 'तसबिरीचा घोटाळा', आणि शेवटी १९१६ मध्ये पदांसह 'संगीत संशयकल्लोळ', असा त्याचा प्रवास. उचललेल्या मालावर चार ठिकाणचे शिक्के असूनही माल पूर्ण मराठी दिसतो, हे देवलांचे कसब. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा, अश्विनशेठला रेवतीचा आणि रेवतीला अश्विनशेठचा. गाणी मुख्यतः प्रेमिकांकडे, फाल्गुनरावाकडे मुख्यतः गद्य. गणपतराव बोडसांनी हा फाल्गुनराव गाजवला, तो गळ्याच्या नव्हे, वेळेच्या जोरावर.

इथे संगीत नाटकाची मूळ अडचण उघडी पडते. संशयी माणसाला घाई असते आणि पदाला नसते. एकाने रागाने धावून यावे आणि दुसऱ्याने नेमके तेव्हा गायला लागावे, तर धावून आलेल्याने काय करायचे? 'सौभद्रा'सारख्या नाटकात पदे शंभराहून अधिक, त्यांतल्या निम्म्यांना वन्समोअर, आणि प्रयोग उजाडेपर्यंत. या काळात गद्य पात्रे अंगावरच्या शालीच्या निऱ्या मोजत उभी असतात. देवलांनी यावर दोन उपाय केले. पदे आखूड ठेवली, आणि संशयाची माणसे गाण्याच्या वाटेतून बाजूला काढली. फाल्गुनराव बोलायला लागला की ऑर्गनवाला पाय उचलून घेतो. भाता थांबतो. तबलजी हात मांडीवर ठेवतो. मग बायकोकडे पाहत फाल्गुनराव एक पाऊल टाकतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात सबंध थिएटर हसते. याच ठिकाणी कोणी खालून एखादा सूर देऊन मदत करू म्हटले, तर हशा सुराच्या मागे जाऊन लपतो आणि परत येत नाही. बोडसांचा वाद्यमेळ म्हणजे न वाजलेल्या तीन वाद्यांचा मेळ होता.

आता कठोरच्या भास्करबुवांची हकिगत. किर्लोस्कर कंपनीत मुलगा म्हणून कामे केली, वय वाढताच आवाज फुटला, आणि कंपनीच्या लेखी मुलाचा उपयोग संपला. आवाज फुटणे हा निसर्गाचा प्रकार असला तरी नाटक कंपनीत तो कराराचा भंग मानला जाई. बखल्यांनी मग बंदे अली खाँ, फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांकडे विद्या घेतली, १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला, आणि १९१६ मध्ये खाडिलकरांच्या 'स्वयंवरा'ला चाली दिल्या. यमन, भूप, बिहाग अशा भारदस्त रागांतल्या बंदिशी त्यांनी रुक्मिणीच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, गळ्यात घातल्या. ज्या रंगभूमीने फुटलेल्या आवाजाला बाहेर काढले तिच्याकडे बुवा मैफलच घेऊन परत आले.

याचा परिणाम दुहेरी झाला. गाणे अफाट वाढले आणि नाटक गाण्याच्या सवडीने चालू लागले. तरीही वाद्ये तीनच राहिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने हात आखडला असे इतर कुठे दिसत नाही. शालू खरे, अत्तर खरे, पडदे भारी, पंगती मोठ्या, आणि डोक्यावरचे कर्जही खरे. सावकारांनी कंपनीच्या वह्या तपासल्या असतील तेव्हा जेवणावळीच्या रकमेवरून बोट पुढे सरकले नसेल. वाद्यांच्या रकान्यावरून ते क्षणात घसरले असेल. पैसा असून ज्याने चौथा वादक ठेवला नाही, त्याने तो कंजूषपणाने ठेवला नाही असे म्हणता येत नाही. गाणाऱ्याला पुढे असायचे होते, आणि हसवणाऱ्याला ऐकू जायचे होते. दोघांचे हित वाद्ये कमी असण्यातच होते.

पाश्चात्य विनोदी संगीतिकेची वाट उलटी. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिका होत, त्यांतली 'मिकाडो' १८८५ ची. रंगमंचापुढच्या खड्ड्यात तिसेक वादक. इतक्या माणसांना गप्प बसवणे अशक्य, म्हणून तिकडे विनोद वाद्यांनीच करावा असे ठरले. ते खाते बसूनकडे गेले. ही लांबलचक लाकडी सुषिर नळी खालच्या सुरात बोलू लागली की एखाद्या पोक्त गृहस्थाने जेवणानंतर मत द्यावे असे वाटते. हायडनने आपल्या ९३ व्या सिंफनीच्या संथ भागात, सगळे हळुवार झाले असताना, बसूनला एक दणदणीत खर्ज लावायला सांगितला. १७९२ मध्ये लंडनच्या सभ्य श्रोत्यांनी तो ऐकला. तो आवाज कशाची आठवण करून देतो हे सुरतेत उघड बोलले गेले असते. लंडनकरांनी सिंफनी या शब्दाखाली ते झाकले.

तिसांचा पगार परवडेना तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एकाच माणसाने बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आळीपाळीने वाजवण्याची रीत पडली. कुर्ट वाइलच्या 'थ्री पेनी ऑपेरा'त तर बर्लिनला १९२८ मध्ये सात वादकांनी तेवीस वाद्यांचे काम उरकले. या सात जणांचा अर्धा वेळ वाजवण्यात आणि अर्धा खाली ठेवलेले वाद्य शोधण्यात जात असला पाहिजे. पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये तो रंगवला. त्यात नाट्यपद, लावणी आणि पॉप गाणे एकाच छपराखाली आले. लुटीची परंपरा अशी अखंड राहिली. फरक इतकाच, की आता श्रेयनामावली छापण्याची पद्धत पडली होती. पुढे २००३ मध्ये ब्रॉडवेच्या वादकांनी चार दिवस संप केला. खड्ड्यात कमीत कमी किती माणसे हवीत हा वाद होता, आणि निर्माते त्यांच्या जागी संगणक बसवण्याच्या तयारीत होते. मराठीत हा संप कधीच होऊ शकला नसता. तिघांतून कोणाला कमी करणार?

ते कमी करण्याचे काम कीबोर्डने केले. या वाद्याच्या पोटात ऑर्गन, व्हायोलिन, सारंगी, बसून, कोंबडा आणि पोलिसाची शिट्टी असते. एकटा माणूस सगळे वाजवतो, आणि सगळे आहे म्हणून सगळेच वाजवतो. पात्र घसरले की सुर्रकन सूर, संशय आला की ढॅणढॅण, विनोद झाला की ढोलाचा ठोका. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी ही सवय घरोघरी पोचवली. ठोका पडला म्हणजे हसायचे होते, हे प्रेक्षकांना कळते. ठोका पडला नाही तर ते एकमेकांकडे पाहतात. भावे यांच्या झांजेने सुरू झालेले काम दीडशे वर्षांनी पुन्हा झांजेकडेच गेले, मात्र मधल्या फाल्गुनरावाचे थांबणे गळून पडले.

आजच्या सुरतेत दोन्ही टोके पाहायला मिळतात. मुंबईहून येणारी गुजराती विनोदी नाटके संजीवकुमार सभागृहासारख्या ठिकाणी होतात, बहुतेक ध्वनिमुद्रित संगीतावर. वादकाची पाठ पाहण्याचा योग तिथे येत नाही. सुरतेचेच यझदी करंजिया यांनी कुटुंबकबिल्यासह पारशी विनोदी नाटके आयुष्यभर केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मुख्य वाद्य पारशी गुजराती बोली. तिला साथ लागत नाही आणि तिची पट्टी रंगात सांगता येत नाही. दुसरे टोक लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी वस्ती तिथे दाट आहे. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीत तिथे ट्रम्पेट, ताशा आणि विजेवर वाजणारा बेंजो असतो. गल्लीतल्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या आवाजात कोणी विनोद केलाच, तर तो हातवाऱ्यांनी करावा लागतो आणि ऐकणारा भलत्याच गोष्टीला हसतो. दोघांचाही आनंद कमी होत नाही, पण या प्रकाराची गणना विनोदी संगीत नाटकात करता येणार नाही.

सारांश, विनोदी संगीत नाटकाला लागणारी वाद्ये तीन : सूर धरणारे एक, ताल धरणारे एक, आणि गळ्यामागे जाणारे एक. झांज, भुंगळ, तुणतुणे यांपैकी कोणतेही एक प्रसंगानुसार जोडावे. ते वाजवणाऱ्याला मान हलवता येत असावी. चौथा वादक घ्यायचा झाल्यास त्याच्या मानधनाची तरतूद करण्याआधी नाटकातला कोणता विनोद काढायचा ते ठरवावे. निवड अवघड वाटली तर कीबोर्ड घ्यावा. तो सगळेच काढतो.